मशीन नको म्हणतंय

आमच्या भागात कुठलीही नवी वस्तू विकायला बसलं की पहिला प्रश्न किमतीचा येत नाही. गिऱ्हाईक वस्तू हातात घेतं, उलटीपालटी करतं, नखानं जरा खरवडून बघतं आणि मान वर न करता विचारतं, "तुमच्या रानात हाय का?" हो म्हटलं तर पुढचं बोलणं. नाही म्हटलं तर चहा पिऊन उठतं.

मी बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका फाट्यावर ठिबकचं दुकान चालवते. नळ्या, फिल्टर, व्हॉल्व्ह, विरघळणारी खतं. नवरा साखर कारखान्यात नोकरीला आहे, त्याच्या शिफ्ट सांभाळून तो कधीमधी गल्ल्यावर बसतो. बाकी दुकान माझं. मला राग पटकन येतो आणि दुकानदाराला तो परवडत नाही, असं नवरा म्हणतो. बाईमाणसाला तर अजिबात शोभत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणतात, माझ्या माघारी. पण नव्या गोष्टीकडे बघायचा इथला जो एक ठरलेला रिवाज आहे, त्यानं कुणाचंही डोकं फिरेल. बघायला जत्रा आणि घ्यायला कोणी नाही. आधी दुसऱ्याच्या रानात पिकू दे, मग बघू. ठिबक आलं तेव्हा आमच्याच घरातले एक चुलत सासरे म्हणाले होते, "थेंबानं ऊस पिकतो व्हय? ऊस काय तुळस हाय?" पुढं त्यांनीच सगळ्यात आधी सबसिडीचा अर्ज भरला, तो भाग वेगळा.

आता दिवस एआयचे आहेत. बारामतीकडं तर हा शब्द पारावर बसलेल्यांच्या तोंडीसुद्धा आहे. खताची गोणी घ्यायला आलेला माणूस विचारतो, "ह्यात एआय हाय का?" दुधात केशर आहे का, असं विचारावं तसं.

बारामतीतल्या एका शेती प्रदर्शनात मी ते मशीन पहिल्यांदा बघितलं. मशीन म्हणजे काय, तर जमिनीत पुरायची एक काठी. डोक्यावर सोलरची छोटी पाटी, पोटात सेन्सर. मुळाशी ओल किती आहे ते ती मोजते, हवामानाचा अंदाज घेते आणि मोबाइलवर मराठीत मेसेज पाठवते. आज पाणी द्या. किंवा, ओलावा पुरेसा आहे, पाणी देऊ नका. बस, एवढंच. मला ते फार आवडलं. एखाद्या शहाण्या बाईनं सांगावं तसं ते बोलायचं, मोजकं आणि वेळेवर. मी एजन्सी घेतली.

ते विकणं किती अवघड जाणार आहे, हे कळायला आमच्याकडची पाण्याची रीत माहीत पाहिजे. धरणातनं कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी रानाकडच्या लहान पाटात, म्हणजे चारीत येतं, आणि पाटकरी ज्याची त्याची पाळी ठरवून देतो. पाळी आली की दारं धरायला जायचं, म्हणजे खोरं घेऊन सरीचं तोंड उघडायचं, सरी भरली की ते मातीनं बुजवायचं, पुढची उघडायची. पुढचं आवर्तन कधी येईल ते कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून आलेली पाळी कुणी सोडत नाही. आदल्या दिवशी पाऊस होऊन रानात डबकी साचलेली असली, तरी सोडत नाही. ज्याच्याकडं ठिबक आहे तोही नळ्यांवरनं पाटाचं पाणी सोडून मोकळा होतो. उसाला तहान लागली म्हणून पाणी, असं नाहीच. पाळी आली म्हणून पाणी.

आणि मी दुकानात बसून सांगत होते, पाळीकडं बघू नका, पिकाकडं बघा.

अर्थातच प्रश्न आला, तुमच्या रानात हाय का? आमचं रान लासुर्ण्याच्या अलीकडं, चारीला लागून. ते बघतात माझे सासरे. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो, मीही आबाच म्हणते. एका संध्याकाळी चहा देताना मी विषय काढला. मशीन आपल्या उसात लावायचं, आणि ते नको म्हणेल तेव्हा पाळी सोडायची. आबांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "लाव की. घरच्या सुनंचा धंदा हाय, मी कशाला आडवा येऊ?" इतक्या सहज हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. त्या आनंदात मी दुसऱ्याच दिवशी बांधावर बोर्ड लावला. 'या रानात उसाला विचारून पाणी दिले जाते.' वाक्य माझंच. त्याचा मला फार अभिमान होता.

मग मी शिवारफेऱ्या सुरू केल्या. चार-पाच शेतकरी जमले की त्यांना रानात घेऊन जायचं. आबा धुतलेली टोपी घालून आधीच हजर असायचे. ऊस असा तरारलेला, की येणारा माणूस आधी उसाकडं बघायचा आणि मग मशीनकडं. कुणीतरी खोचून विचारायचंच, "आबा, खरं सांगा, पाळी सोडता व्हय तुमी?"

"सोडतो की," आबा म्हणायचे. "मशीन सुनंला सांगतं, सून मला सांगती. आता हितं आमचं कोण ऐकतंय?"

सगळे हसायचे. मी पदर सावरत मागं उभी असायचे आणि मनातून फुगलेली असायचे. साठी उलटलेला, पाटाच्या पाण्यावर जन्म काढलेला माणूस सुनेच्या शब्दाखातर पाळी सोडतो, याहून मोठी जाहिरात कुठली? मशिनं विकली जाऊ लागली. खूप नाही, पण लागली.

मधे एकदा गडबड झाली. लावल्यानंतरच्या पहिल्याच आवर्तनात आमच्या रानातल्या मशीननं दाखवलं की ओल एकदम वर गेली आहे, रान तुडुंब भिजलं आहे. मी आबांना विचारलं, "आबा, पाणी दिलं का तुमी?"

"न्हाय बा. सोडली की पाळी."

मी तडक कंपनीला फोन लावला. बिघडलेला सेन्सर पाठवता, लोकांसमोर आमचं हसं करता, असं बरंच बोलले. राग आल्यावर मी काय बोलते ते माझं मलाही नंतर आठवत नाही. कंपनीचा माणूस आला, त्यानं मशीन उपटून बघितलं, म्हणाला, मॅडम, हे तर ठीक आहे. मी म्हटलं, ठीक कसं, घरातलं माणूस सांगतंय पाणी दिलेलं नाही. तो बिचारा दुसरं बसवून गेला. एका बाजूला सासऱ्यांचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला कुठल्यातरी कारखान्यात जोडलेली तार. यात खरं कोण, हा प्रश्न माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही.

त्याच सुमारास, आम्ही सगळे ज्यांना काकी म्हणतो त्या बाई दुकानात आल्या. आमच्याच चारीवर, पण खूप खाली, शेपटाला त्यांचं रान. नवरा टँकरवर ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. ऊस, जनावरं, विहिरीची मोटर, दारं धरणं, सगळं त्या एकट्या बघतात. शेपटाचं रान म्हणजे पाणी येणार सगळ्यात शेवटी आणि तेही कुठल्याही अवेळी. त्या म्हणाल्या, "पोरी, अंधारात दारं धरून धरून मला आता भ्या वाटायला लागलंय. परवा पायावरनं लांबडं जनावर गेलं. तुझं मशीन लावलं तर पाळीला जायची गरज पडणार न्हाय म्हणं?"

मी सगळं समजावून सांगितलं. गरज असेल तेव्हाच जायचं, विहिरीवरच्या ठिबकवर बाकीचं भागतं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग इथला तो प्रश्न त्यांनी त्यांच्या पद्धतीनं विचारला.

"तुमचे आबा सोडत्यात का गं पाळी?"

"सोडतात की. चला, त्यांच्याच तोंडून ऐका."

मी त्यांना स्कूटीवर बसवून रानात नेलं. आबांनी त्यांनाही तेच सांगितलं. फक्त त्या वेळी ते हसले नाहीत आणि लगेच उसात शिरले, पाचट काढायचं राहिलंय म्हणाले. मला वाटलं, बाईमाणसाशी काय जास्त बोलायचं म्हणून गेले असतील. काकींनी मशीन घेतलं.

पुढं उन्हाळा लागला. मधे एक वळीव झाला आणि काकींच्या रानाला चांगली ओल आली. नेमकं त्याच आठवड्यात आवर्तन सुटलं. काकींचा फोन आला. "पाटकरी म्हणतोय पाळी हाय. मशीन नको म्हणतंय. काय करू?"

मी दुकानात नळीचं बंडल सोडवत होते. फोन खांद्यावर धरूनच म्हटलं, "मशीन नको म्हणतंय ना? मग नका घेऊ. आमच्या आबांनीबी सोडली."

आबांनी सोडली, हे मला आबांनीच सकाळी सांगितलं होतं. खरं तर त्याच दिवशी आमच्या रानातल्या मशीननं पुन्हा ओल वर गेल्याचं दाखवलं होतं. म्हणजे काकींना हे सांगायच्या थोडा वेळ आधी मी कंपनीला पुन्हा एकदा झापून फोन ठेवला होता, की तुमचं दुसरं मशीनही भिकार निघालं.

काकींनी पाळी सोडली. सगळी चारी हसली म्हणे. "मशीन नको म्हणतंय," हे त्यांचं वाक्य लोक एकमेकांना सांगायला लागले. काकींनी मनावर घेतलं नाही. त्या रात्री निवांत झोप लागली, असं त्यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

त्यानंतरचं आवर्तन वेळेवर आलं नाही. धरणातलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवलंय, असं लोक म्हणत होते. आज सुटेल, उद्या सुटेल. ऊन असं, की टपरीवरची माणसंसुद्धा बोलायची बंद झाली. काकींची विहीर कालव्याच्याच पाण्यावर तग धरते. वरून पाणी पाझरलं नाही, तसा तिचा तळ दिसायला लागला. मोटर थोडा वेळ चालायची आणि गुरगुरून बंद पडायची. आता मशीन रोज सांगत होतं, पाणी द्या. पाणी द्या म्हणणारा मेसेज काकींच्या मोबाइलवर यायचा तसा माझ्याही यायचा, कारण विकलेल्या प्रत्येक मशीनचा मेसेज मला येतो. द्यायला पाणी कुठं होतं? आमची विहीर चारीच्या वरच्या अंगाला, तिला अजून पाणी होतं, आणि ठिबकवर आमचा ऊस भागत होता.

काकी भांडायला आल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं. पण त्या भांडल्या नाहीत. शेवटी आवर्तन सुटल्याची बातमी आली, तेव्हा त्या दुकानात आल्या आणि पायरीवरच उभ्या राहिल्या.

"उद्या सकाळी तुमची पाळी हाय म्हणं."

"हाय की."

"माझी यायला लई येळ हाय. तवर ऊस टिकत न्हाय. तुमची पाळी तुमी सोडताच. तर ती मला देता का? तुमच्या दारातनं वाया जाणारं पाणी, तेवढं खाली घेते."

मला इतकं बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मोठेपणा करायची संधी मिळाल्यासारखं वाटलं. म्हटलं, "अवो काकी, विचारताय काय! खोरं घेऊन या सकाळी, मी सोबत येते." त्यांच्या देखतच पाटकऱ्याला फोन लावला. उद्याची आमची पाळी काकींना, असं सांगितलं. त्यानं ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "आबांना विचारलंय का, वहिनी?" मी चिडले. "त्यात विचारायचं काय? आमी सोडतोच पाळी." तो बरं म्हणाला.

आबा त्या दिवशी सोमेश्वरनगरकडं एका लग्नाला गेले होते. ते परत आले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि पहाटे मी उठायच्या आधीच ते रानात निघून गेले होते. त्यांना सांगायचं राहून गेलं. पण सांगायचं तरी काय होतं? जी पाळी आपण घेतच नाही ती दुसऱ्याला दिली, एवढंच तर.

सकाळी काकी फाट्यावर आल्या, साडीचा काचा मारलेला, खोरं हातात. त्यांना मागं बसवलं आणि आम्ही रानात गेलो. वाटेत त्या बऱ्याच बोलत होत्या. आज निम्मा ऊस तरी भिजेल, उरलेल्याला त्यांच्या पाळीचं येईल, शेंड्याचे वाढे आत्ताच करपायला लागलेत पण बुडखा अजून हिरवा आहे. मी हो, हो म्हणत होते.

बांधावर गाडी लावली आणि पाण्याचा आवाज आला.

आमच्या बोर्डाच्या बाजूलाच चारीचं दारं फोडलेलं होतं. पाणी ठिबकच्या नळ्यांवरून सऱ्यांमधनं निघालं होतं, चांगलं घोटाभर. आबा धोतर वर खोचून सरीच्या तोंडाशी उभे होते, खोऱ्यानं माती ओढत होते. किती सराईतपणे. एक सरी बुजवली, दुसरी उघडली. या हालचालीत अडखळणं नव्हतं, नव्यानं काही करतोय असंही नव्हतं. दर पाळीला हेच करणारा माणूस जसं करेल तसं ते करत होते.

त्यांनी मान वर करून आम्हाला बघितलं. खोरं हातातच राहिलं. मग सवयीनं म्हणाले, "या की. च्या झाला का?"

काकींनी पाण्याकडं बघितलं, मग आबांकडं, मग माझ्याकडं. मी मशीनकडं बघत होते. ते पाण्यात ताठ उभं होतं आणि मला एकदम कळलं की ते पहिल्यापासून खरं बोलत होतं. रान भिजलंय म्हणालं, तेव्हा रान भिजलेलंच होतं. दोन्ही वेळा. मी जगाला मशीनवर विश्वास ठेवा म्हणून सांगत फिरत होते, आणि माझ्या स्वतःच्या रानातल्या मशीनवर माझाच विश्वास नव्हता. म्हणजे आबा पाळी घेतात, हे सगळ्या चारीला माहीत होतं. पाटकऱ्याला, वरच्या-खालच्या बांधकऱ्यांना. घरच्या सुनेचा धंदा, आपण कशाला बोला, म्हणून सगळे गप्प. माहीत नव्हतं ते फक्त मला, आणि जिनं माझ्या शब्दावर पाळी सोडली तिला.

"म्हंजे मागल्या पाळीलाबी..." काकी म्हणाल्या.

आबा खाली बघायला लागले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आबांना खाली बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं.

"आबा, पाणी बंद करा," मी म्हणाले. घरात मी चढ्या आवाजात बोलते, पण त्यांच्याशी कधीच नाही.

काकी पटकन म्हणाल्या, "राहू दे, पोरी. चालू दारं मोडू न्हाय कुणाचं. निम्मं रान भिजलंय, आता त्यांचं होऊ दे." इतकं सगळं समोर दिसत असताना त्या बाईला दुसऱ्याच्या चालू पाण्याची रीत सुचली. मी तशीच चपलांसकट चारीत उतरले आणि दाऱ्यावर हातांनी माती लोटायला लागले. माती वाहून जायची, परत लोटायची. शेवटी आबाच आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि चार खोरी टाकून त्यांनी दारं बंद केलं. पाणी चारीतनं खाली निघालं. काकी त्याच्याबरोबर बांधाबांधानं जवळजवळ पळत गेल्या.

पण आमचं रान ते शेपूट, मधली चारी इतके दिवस कोरडी पडलेली. तिला भेगा गेल्या होत्या. पाणी पुढं जाण्याऐवजी चारीच पीत राहिली. मी काकींच्या बांधावर जाऊन थांबले. खूप उशिरानं पाण्याचं तोंड दिसलं, पुढं काड्या आणि फेस घेऊन रांगत आलेलं. काकींनी पहिली सरी उघडली. ती भरली. दुसरी भरत आली, तेवढ्यात पाण्याची धार बारीक झाली. वर आमच्या पाळीची वेळ संपली होती आणि ज्याची पुढची पाळी तो खोरं घेऊन उभाच असणार. त्याचं काय चुकलं? तरी काकी चारीच्या तोंडाशी राहिलेलं पाणी खोऱ्यानं ओढून ओढून सरीत घेत होत्या. मग तेही संपलं.

घरी आले ती भांडायच्या तयारीनंच. आबा ओसरीवर बसले होते, जेवले नव्हते. मी म्हटलं, "आबा, का?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तू लोक घेऊन येणार. मशीनच्या भरवशावर रान टाकलं असतं आन ऊस वाळला असता, तर लोक कुणाला हसले असते? मला न्हाय. तुला. सून लई शहाणी निघाली म्हणले असते." पुढं म्हणाले, "पाणी पाजलं म्हणून ऊस हिरवा दिसला. हिरवा दिसला म्हणून मशीन खपलं. मला वाटलं, तुझं दुकान एकदा उभं राहू दे. मग सोडीन पाळी."

माझा सगळा राग त्या ओसरीवरच जिरला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. त्यांचा मशीनवर काडीचा विश्वास नव्हता, तरी ते नापास होऊ नये म्हणून हा माणूस जुन्या रीतीनं गुपचूप पाणी पाजत होता. माझ्यासाठी. आणि माझ्यासाठीच लोकांसमोर खोटं बोलत होता, काकींसमोरसुद्धा. ते उसात शिरले होते ते पाचट काढायला नव्हेच. मी ताट वाढलं. त्यांनी चतकोर भाकरी खाल्ली.

काकींची पाळी आली तोवर ऊस गेला होता. बुडख्यापर्यंत पिवळा. त्यांनी तो चाऱ्यासाठी द्यायचा ठरवला, कारखान्याला घालायला वजन राहिलं नव्हतं, जनावरांच्या पोटात तरी जाईल. मला दुकानात कळलं. दोन दिवस मी कामं काढत राहिले, आज हे, उद्या ते. तिसऱ्या दिवशी गेले. मनात तयारी करून गेले होते. मशीन काढून नेईन, परत घेईन, आणि एवढंच सांगेन की काकी, मलासुद्धा ठाऊक नव्हतं.

त्या एकट्याच ऊस तोडत होत्या. निम्मं रान मोकळं झालं होतं आणि मोकळ्या भागात ते मशीन एकटंच उभं होतं. मी त्याच्याकडं गेले, उपटायला हात घातला.

"राहू दे," काकी लांबनं म्हणाल्या. "कशाला काढतीस?"

"काकी, तुमचं नुकसान..."

त्या कोयता खाली ठेवून आल्या. आवाजात राग नव्हता, दमलेल्या होत्या. "त्याचा काय दोष? रान वलं हाय म्हणालं तवा रान वलंच व्हतं. मी हात घालून बघितलं की. आता वरचे सगळे दर पाळीला पाणी घेत्यात, मागचं पुढचं बघत न्हाईत, आन पुढचं आवर्तन कधी येईल त्याचा नेम न्हाय, हे त्याला कुठनं कळणार? त्याला कुणी सांगितलं न्हाय." त्यांनी पदरानं मान पुसली. "पण मला तरी सांगायचं, पोरी."

मलासुद्धा ठाऊक नव्हतं, हे वाक्य ओठांवर आलं होतं. ते म्हटलं असतं तर मी सुटले असते आणि आबा अडकले असते. आणि आबांनी ते कुणासाठी केलं होतं, हे आता मला ठाऊक होतं. मी तोंड मिटून उभी राहिले. आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं आणि तरी आम्ही त्यांना फसवलं, असं काकी आता कायम समजणार. समजू देत.

त्यांनी वाढ्यांच्या दोरीनं मोळी आवळली आणि उचलून द्यायला कुणी आहे का म्हणून इकडंतिकडं बघितलं. मीच होते. मी एक बाजू धरली, त्यांनी डोकं खाली घातलं, आणि वाळलेल्या उसाची ती मोळी त्यांच्या डोक्यावर चढवली. इतकी हलकी लागली हाताला. भरल्या उसाची मोळी दोघींनाही उचलवली नसती. त्या बांधावरून गेल्या, आणि मी त्या मोकळ्या रानात उभी राहिले. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही. नुसती लाज वाटत राहिली.